चौथीतले हुशार सातवीत कुठे जातात?

केंद्रप्रमुख म्हणजे नक्की कोण, हे माझ्या सख्ख्या बहिणीला अजून समजलेलं नाही. सासरी ती सांगते, "आमची ताई शाळा तपासते." जणू शाळा म्हणजे दुधाचा कॅन, आणि मी त्यात काचेची नळी बुडवून पाणी किती ते बघते! सोप्या शब्दांत सांगायचं तर दहा-बारा प्राथमिक शाळांचं एक केंद्र असतं. त्या शाळांत काय चाललंय ते वरच्यांना कळवायचं आणि वरच्यांना काय हवंय ते शाळांना कळवायचं, हे केंद्रप्रमुखाचं काम. बोलणी दोन्हीकडून बसतात, फक्त भाषा वेगळी. वरून येतं, "खुलासा त्वरित सादर करावा." आणि शाळेच्या गडग्यापलीकडून ऐकू येतं, "बाई इली रे, वह्या काडा!"

अठ्ठ्याण्णव साली मला मालवणच्या किनाऱ्यावरचं केंद्र मिळालं आणि दोन हजार दहाला निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिले. मी मूळची वैभववाडीकडची, घाटाच्या पायथ्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं आणि मासे म्हणजे सुके. समुद्र मी पहिल्यांदा नीट बघितला तो शिक्षकीचं शिक्षण घेताना. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जी चूक केली तिचं अर्धं मूळ त्यात आहे. उरलेलं अर्धं माझ्या गणितात. वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला एक वाईट खोड लागते. कागदावर बेरीज जुळली की तिला वाटतं, जग जुळलं.

त्या वेळी चौथीला आणि सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता असे तीन पेपर, तीनशे गुण. सगळ्यांना सक्ती नव्हती. शाळेनं मुलं निवडायची, फॉर्म भरायचे, जादा तास घ्यायचे आणि मार्चच्या तोंडावर देवाचं नाव घ्यायचं. देवाचं नाव मी उगाच म्हणत नाही. आमच्या एका परीक्षाकेंद्रावरचा म्हातारा शिपाई दरवर्षी पहिली घंटा देण्याआधी पायरीवर नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा, ही लेकरां पेपराक बसली हत, त्यांका बुद्धिमत्तेचो पेपर सोपो येवंदे रे म्हाराजा!" आणि व्हरांड्यात उभे असलेले पर्यवेक्षक, पालक, पोलीस, सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचे. पहिल्या वर्षी मी त्याला हटकलं. दुसऱ्या वर्षी माझ्याही तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं.

पालकांचे नमुने तर विचारू नका. बोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेले एक आजोबा नातवाचे तीन गुण कमी का, हे विचारायला माझ्याकडे पाच वेळा आले. पाचव्या वेळी मी हात टेकले आणि म्हटलं, "आजोबा, पेपर मी तपासत नाही." ते म्हणाले, "माका ठावक आसा. पण तपासणारो खंय सापडणा नाय, तुमी गावतास."

मुद्द्यावर येते. निकाल लागला की आमच्याकडे एकच तुलना व्हायची. या शाळेचा निकाल किती टक्के, त्या शाळेचा किती. ज्यांचा शंभर टक्के त्यांच्या फलकावर रंगीत खडूनं फुलं. मला मात्र एक प्रश्न छळायचा. चौथीत चमकलेलं मूल सातवीत कुठे असतं? तेच मूल, तीन वर्षांनी. हुशार मुलाची तुलना ढ मुलाशी करून काय उपयोग? हुशाराची हुशाराशी करा, आणि तीन वर्षांत कोण किती चढला ते बघा. हे मला सुचलं म्हणून मी स्वतःवर फार खूश होते.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात मी फुलस्केप कागद एकाला एक चिकटवून चादरीएवढा तक्ता केला. चौथीत दोनशेच्या वर गुण मिळवलेलीच मुलं घेतली. नावापुढे चौथीचे गुण, सातवीचे गुण, फरक, आणि घरची माहिती. जात आणि बापाचा धंदा शाळेच्या रजिस्टरात असतोच. उत्पन्नाचं मात्र अवघड. उत्पन्नाच्या दाखल्यांवर विश्वास ठेवला असता तर आमच्या केंद्रात डॉक्टर सोडून कोणीच दोन वेळा जेवत नव्हतं. आणि 'मुंबईस नोकरी' असं ऐटीत लिहिलेल्या दोन बापांची गिरणी कधीच बंद पडलेली. म्हणून मी दाखले बाजूला ठेवले आणि गुरुजींना विचारत गेले, घरी गॅस आहे का, दुचाकी आहे का, मुलाला अभ्यासाला बसायला कोपरा आहे का. मग तीन शाया. बाजारपेठ आणि नोकरदारांची मुलं निळी, शेतकऱ्यांची हिरवी, मासेमारीवर जगणाऱ्या गाबित घरांतली लाल.

चित्र ठसठशीत निघालं. चौथीत निळे, हिरवे, लाल खांद्याला खांदा लावून होते. सातवीत निळे चांगले चढलेले, हिरवे गरिबीतसुद्धा थोडेफार चढलेले, आणि लाल जागच्या जागी किंवा खाली. लालमधली दोन नावं निळ्यांसारखीच चढली होती. दोघांच्या घरचे स्वतःचे ट्रॉलर. त्यांना मी अपवाद म्हटलं. आणि बऱ्याच लाल नावांपुढे सातवीचे गुणच नव्हते, त्यांनी परीक्षाच दिलेली नव्हती. त्यांच्यापुढे मी आडवी रेघ मारली आणि हिशेबातून वगळलं. वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर आणलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता.

मग अहवालात वाक्य लिहिलं, "मच्छीमार पालकांमध्ये शिक्षणाबाबत उदासीनता आढळते." हे वाक्य माझं नव्हे. ते कार्यालयातल्या हवेतच असतं, कोणीही पेन उघडलं की कागदावर उतरतं. पण सही माझी होती. सभेत अहवाल वाचला गेला, साहेबांनी मान डोलावली, आणि मी घरी जाऊन सोलकढी जरा जास्तच चवीनं प्याले.

नोव्हेंबरात एका शाळेत वह्या तपासत बसले होते. समोर मुख्याध्यापक पालव गुरुजी. हे कसालहून एसटीनं रोज येजा करायचे. सज्जन माणूस, अक्षर मोत्यासारखं. टेबलावर माझा तक्ता पसरलेला होता, त्यात त्यांच्या शाळेची नावं भरत होते. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावरची माशांची पाटी तिनं बाहेर पायरीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि आत आली. शेवंती तिचं नाव. तिची वैशाली सातवीत होती. चौथीच्या परीक्षेत ही पोरगी माझ्या केंद्रात पहिली आलेली, डॉक्टरांच्या अनिकेतच्याही वर. तेव्हा डॉक्टरांची मुलंसुद्धा आमच्याच शाळांत यायची.

"बाई, माज्या चेडवाचा नाव परीक्षेतसून कित्याक काडलास? गुरुजी धड सांगणत नाय, तुमी सांगा."

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "जादा तासाला येत नाही, बाई. सकाळी साडेआठ ते साडेदहा मी घेतो. महिन्यात चार दिवस आली. अशा मुलांना बसवून निकाल कसा राहील?"

शेवंतीचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती तिसरीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. टेबलावरच्या कागदावर तिला मुलीचं नाव दिसलं होतं. माशांच्या वासाचं बोट न टेकवता, कागदाच्या जरासं वर धरून तिनं विचारलं, "ह्यां काय? हयसर वैशालीचा नाव आसा. फुडे दोनशे बत्तीस. मगे रिकामा."

"हा हुशार मुलांचा तक्ता आहे. कोण किती वर गेलं, ते बघायचं."

तिचं बोट वरच्या ओळींकडे गेलं. "ह्यो मंगेश. आमच्या शेजारचो. ह्येच्या फुडे रेघ कित्याक?"

"त्यानं सातवीची परीक्षा दिली नाही."

"तेणां देवक नाय," ती म्हणाली, "काय तुमी घेवक नाय?"

मी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, पण असा सरळ प्रश्न मला कुठल्या साहेबानं विचारला नाही. मग मी साहेबांसारखंच केलं, उलट प्रश्न विचारला. "मग मुलीला सकाळी पाठवत का नाही?"

"सकाळी रापण लागता, बाई. दोरयेक घराचो एक हात व्हयो, नायतर वाटो नाय. माजो घोव रत्नांग्रीक टॉलरार आसा. मी लिलावाक उबी रवतंय. मगे दोरयेक कोण? ह्यांच चेडू."

"आणि अभ्यास?"

"दोरी वडताना पाडे म्हणता. आयकूचे आसत तर फाल्यां सकाळी येवा."

दुसऱ्या दिवशी मी गेले. तीन वर्षं त्या किनाऱ्यावर नोकरी करत होते आणि सकाळी आठ वाजता वाळूत पहिल्यांदाच पाय ठेवत होते. रापण न पाहिलेल्यांसाठी सांगते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि माणसं दोन्हीकडून ते ओढत ओढत जाळं वाळूवर घेतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. त्या वाडीची रीत अशी की ज्या घराचा हात दोराला, त्या घराला वाटा. मोठ्या माणसाचा हात पुरा. बारा वर्षांचं मूल झालं की त्याचा अर्धा हात धरतात. त्याखालच्या मुलांचा हात कोणी मोजत नाही, ती नुसती लुडबुडतात.

मी वाळूत उभी राहून हे ऐकलं आणि बोटांवर वयं मोजली. चौथीतलं मूल नऊ-दहा वर्षांचं, सातवीतलं बारा-तेराचं. माझी लाल शाई नेमकी तिथेच घसरत होती. ट्रॉलरवाल्यांच्या दोन मुलांना दोराला उभं राहायची गरज नव्हती, ती चढली. शेतकऱ्यांची मुलं पावसात शाळा बुडवायची, चिखलात उभी राहायची, पण परीक्षेच्या मोसमात त्यांची शेतं मोकळी. म्हणजे जात नव्हे, नुसती गरिबीही नव्हे, आणि उदासीनता तर मुळीच नव्हे. साडेआठची वेळ! आमच्या जादा तासाची वेळ आणि रापण ओढायची वेळ एकच होती, आणि हे वाडीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

दोराच्या मध्यावर वैशाली होती. फ्रॉक कमरेला खोचलेला, टाचा वाळूत रुतलेल्या. मागे रेलताना ती खरंच पाढे म्हणत होती. एकोणीसचा. "एकोणीस सत्ते तेहेत्तीसासें," आणि ओढ. मला बघून तिनं दोर सोडला नाही, पाढा मात्र थांबवला. मी म्हटलं, "चालू दे." ती म्हणाली, "बाई, आठापुढे चुकता माजां." पावणेअकराला ती शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभी होती. केस ओले, पण रांग सरळ.

मी गुरुजींना म्हटलं, "पाचही मुलांचे फॉर्म भरा." वाडीतली पाच मुलं सातवीत होती आणि पाचही चौथीत दोनशेच्या वर गेलेली. मुदत संपायला तीन दिवस होते.

"आणि निकाल, बाई?"

"शंभर टक्के निकालाचा एवढा कसला हव्यास, गुरुजी?"

गुरुजी कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. "मला हव्यास नाही. तुम्हाला आहे. दर बैठकीत शंभर टक्केवाल्या शाळांची नावं तुम्हीच वाचून दाखवता. मागच्या वर्षी आमचा एक मुलगा कमी पडला, तर सगळ्यांसमोर तुम्ही मला विचारलंत, 'काय पालव गुरुजी, यंदा फुलं नाहीत?'"

हे खरं होतं. मला गंमत करायची सवय आहे आणि ती मी केली होती. असल्या गमतींमुळे गुरुजींनी दरवर्षी कच्ची वाटणारी नावं यादीतून काढली होती, आणि ती नावं काढली गेली म्हणून माझ्या तक्त्यात रेघा आल्या होत्या. म्हणजे रेघ मी दोनदा मारली होती. मी गुरुजींची माफी मागितली. ती जेवढ्या लोकांसमोर मागायला हवी होती, तेवढ्यांसमोर मागितली नाही, हे मला अजून टोचतं.

फॉर्म गेले. आता तास कधी घ्यायचे? शाळा पाचला सुटायची आणि पोरं पाचनंतर मोकळी. पण गुरुजींची कसालची गाडी सव्वापाचला. ती चुकली की पुढची आठची, आणि घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. सकाळचे तास सोयीचे म्हणून नव्हते, एसटीचं वेळापत्रक तसं होतं म्हणून होते. मी भाड्यानं मालवणातच राहायचे. म्हटलं, मी घेते. केंद्रप्रमुखानं शिकवू नये असा काही नियम नाही. फक्त तसं कोणी करत नाही. गुरुजी मंगळवार-गुरुवार स्वतः थांबायला लागले. त्या दोन दिवशी आईकडे बघायला त्यांनी बहिणीला बोलावून घेतलं, हे मला पुढे कळलं.

वर्ग भरायचा वाडीतच, रापणीची जाळी ठेवायच्या खोपीत. माडाच्या झापांचं छप्पर, एक दिवा, आणि वास असा की पहिल्या आठवड्यात घरी गेल्यावर मांजरं माझ्या मागे यायची. पोरं तल्लख. दिशेची गणितं त्यांना शिकवावीच लागली नाहीत, वारा कुठून येतो हे त्यांना जन्मापासून माहीत. त्यांना आवडेल म्हणून एकदा मी स्वतः प्रश्न रचला. वेगळं ओळखा: बांगडा, पेडवे, सुरमई, खेकडा. वैशाली म्हणाली, "सुरमई."

"अगं, खेकडा! तो मासा नाही."

"खेकडो रापणीत गावता, बाई. बांगडो, पेडवेय गावतत. सुरमई गावणा नाय, तिका मोठां जाळां लागता." आणि मग माझी कीव येऊन म्हणाली, "पण पेपरात इलां तर खेकडो लिवतलंय."

ती पोरगी पुढे जाणार, हे मला त्या दिवशी कळलं. खरं काय आणि पेपरातलं काय, दोन्ही तिला माहीत होतं.

फेब्रुवारीत घात झाला. पेडव्यांचे थवे किनाऱ्याला लागले आणि रापण सकाळ-संध्याकाळ ओढली जाऊ लागली. चार दिवस खोप रिकामी. परीक्षेला तीन आठवडे उरलेले. चौथ्या दिवशी मी तणतणत वाळूवर गेले. रापणीचे म्होरके आबा तांडेल जाळ्याची फाटलेली घरं विणत बसले होते. मी काय काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. आबांनी सुईवरची नजर काढली नाही. म्हणाले, "बाई, वरडा नको. वरडल्यान मासे जातत, पोरां काय येणत नाय."

मी रडकुंडीला आले होते. पाच मुलांचे फॉर्म माझ्या शब्दावर गेले होते. ती पडली असती तर पुन्हा कुठल्या गुरुजीनं दर्यावरचं पोर परीक्षेला बसवलं नसतं, आणि माझं ते उदासीनतेचं वाक्य कायमचं खरं ठरलं असतं.

शेवंती लिलावातून तशीच आली होती. ती आबांसमोर उकिडवी बसली. "आबा, बाळंतणीच्या घराक हात नसलो तरी वाटो देतास मा?"

"देतो."

"तापान पडलेल्याक देतास मा?"

"देतो मगे."

"मगे पेपराक बसलेल्याक कित्याक नाय?"

आबांची सुई थांबली. दोराजवळ बसलेली माणसं जवळ सरकली. वाट्याची रीत ही वाडीत देवळाच्या रीतीएवढी पक्की. त्यात नवं कलम घालायचं म्हणजे पोरखेळ नव्हता.

"किती दिस?" आबांनी मला विचारलं.

"तीन आठवडे."

"सकाळ-सांज?"

"सकाळ-सांज."

आबांनी समुद्राकडे बघितलं, जणू त्यालाही विचारायचं होतं. "बरां तर. पेपराक बसलेल्याचो हात दोरयेक धरलो."

मागून कोणीतरी कुरकुरलं, "मगे फुडल्या वर्साक सगळींच पेपराक बसतली!"

"बसांदेत मा," आबा म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले.

सरकारनं त्या काळात मुलांसाठी किती योजना काढल्या, त्यांची परिपत्रकं माझ्याकडे गठ्ठ्यानं यायची. त्या एका वाक्याएवढं काम करणारं परिपत्रक माझ्या हातून गेलं नाही. पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शाळेत हजर होती आणि पाचला खोपीत. त्यांच्या जागी मोठ्यांनी दोर जरा जास्त ओढला.

निकाल जूनमध्ये आला. अनिकेतचे चौथीचे दोनशे अठ्ठावीस होते, त्याचे दोनशे एकावन्न झाले. वैशालीचे दोनशे बत्तीसचे दोनशे चोपन्न. तेवीसनं तो चढला, बावीसनं ती. दोघांनाही शिष्यवृत्ती. बाकीच्या चारांत दोन चढले, एक होता तिथेच राहिला, एक घसरला. घसरलेल्याला मी तक्त्यात लाल शाईनंच लिहिलं, वगळला नाही. पाच मुलांवरून सिद्धांत मांडण्याइतकी मी आता बावळट राहिले नव्हते. मला एवढंच दिसलं की वेळ बदलली तर पोर चढतं, मग शाई कुठलीही असो. पुढच्या बैठकीत मी टक्क्यांची नावं वाचली नाहीत. किती मुलं बसवली, ते वाचलं. पालव गुरुजींचं नाव पहिलं होतं आणि ते पुन्हा खिडकीकडे बघत होते.

निकाल सांगायला मी मासळीबाजारात गेले. शेवंती गिऱ्हाइकाचा मासा कापत होती. मी गुण सांगितले. कोयती थांबली नाही, पण मासा जरा वेडावाकडा कापला गेला आणि गिऱ्हाईक ओरडलं. शेवंती त्याला म्हणाली, "एक पेडवो जास्ती घे आनी गप रव. माजां चेडू पास झालां." मग माझ्याकडे बघून डोळे पुसले आणि खवले गालाला लागले. लगेच म्हणाली, "बाई, मंगेशाचो धाकटो भाव आता सातवीत गेलो. दीपक. त्येकाय बसवतास मा?"

मंगेश. माझ्या तक्त्यातला सगळ्यात जास्त गुणांचा लाल मुलगा. चौथीला दोनशे चाळीस, सातवीला रेघ. तो तेव्हापासून ट्रॉलरवर होता, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्या घरी कधी गेले नव्हते. कुठल्या तोंडानं जायचं?

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. पावसामुळे मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. खोपीच्या एका कोपऱ्यात आमचा वर्ग पुन्हा भरला होता, या वेळी नऊ मुलं. दारात एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उभा राहिला. खांदे माणसाचे, चेहरा पोराचा. धाकट्याचं मनगट त्यानं घट्ट धरलेलं होतं, पळून जाईल म्हणून.

"बाई, ह्यो दीपक. दर्यार जावचा म्हणता. जावचो नाय. रापण लागली की ह्येच्या बदल्यात मी दोरयेक रवतलंय, ह्येका बसवा."

"मंगेश ना तू?"

त्यानं मान हलवली. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि गमतीचं काही सुचत नव्हतं.

"मंगेश, सातवीच्या परीक्षेला तुझं नाव घेतलं नाही. ती चूक झाली, आणि ती माझी होती."

तो पायानं वाळू उकरत राहिला. "आसांदे, बाई. माका येणा नाय म्हणान काडलास. माका ठावक होतां."

तीन वर्षं तो हे घेऊन जगला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मला हुंदका आला आणि नऊ मुलांसमोर मी तो लपवला नाही.

"येत नाही म्हणून नाही रे. सकाळी दोराला उभा असायचास म्हणून. तुला येत होतं. फार चांगलं येत होतं."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "चौथीत माका किती होते?"

"दोनशे चाळीस."

"आनी वैशालीक?"

"दोनशे बत्तीस."

मनातल्या मनात वजाबाकी करायला त्याला क्षणभरही लागला नाही. त्यानं दीपककडे वळून छाती फुगवली. "आयकलंस मा रे?" तो म्हणाला, आणि चपला दाराशी काढून धाकट्याच्या शेजारी तोही बसला.